ठकूबाईचं वळण

फार वर्षं झाली या गोष्टीला. खडकाईच्या घाटात तेव्हा डांबर नव्हतं. लाल माती आणि दगडगोट्यांचा रस्ता होता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाड्या थोड्या होत्या, त्यांची नाकं लांब होती आणि घाट चढताना त्या अशा धापा टाकायच्या की खालच्या गावात ऐकू यायचं. घाटाला सतरा वळणं होती. अकराव्या वळणावर कड्याच्या कुशीत एक झरा होता आणि झऱ्याशेजारच्या झोपडीत ठकूबाई राहायची.

ती मूळची कुठली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हा घाट फोडायला माणसं आली, त्यांच्यात ती नवऱ्याबरोबर आली. खडी दाबायला तेव्हा वाफेवर चालणारा रोलर होता. त्याच्या पोटात आग होती आणि आगीवर पाण्याची टाकी. ती टाकी भरायचं काम ठकूबाईकडे होतं. सात वर्षं तिनं डोक्यावरून झऱ्याचं पाणी वाहिलं आणि त्या लोखंडी धुडाला पाजलं. पाणी कधी गुणगुणतं, कधी कुरकुरतं, कधी उसळी मारायच्या बेतात असतं, ते सगळं तिच्या कानांना पाठ झालं. पुढं रस्ता पुरा झाला. रोलर गेला, माणसं गेली. नवरा त्याआधीच तापानं गेला होता. ठकूबाई मात्र राहिली. "पानी हितं हाय, मग मी कुठं जाऊ?" एवढंच ती म्हणाली, असं म्हणतात.

मग घाटात ट्रक येऊ लागले आणि अकराव्या वळणाशी येईतो त्यातले निम्मे उकळू लागले. ठकूबाई बादली घेऊन पुढं व्हायची. नुसतं पाणी द्यायची नाही. आधी ट्रकच्या तोंडापाशी उभी राहायची, नाकानं वाफ हुंगायची, रेडिएटरच्या जाळीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवायची आणि मग सांगायची, "पंख्याचा पट्टा ढिला झालाय, बाबा." नाहीतर, "जाळीत भुस्सा अडकलाय, वारं जात न्हाई." मिस्त्रीला अर्धा दिवस लागेल ते ती दोन घटकांत सांगायची. ट्रक सातव्या वळणावर असतानाच तिला आवाजावरून त्याचं दुखणं कळायचं, असं म्हणतात. तिच्या हाताला विस्तव लागत नव्हता, असंही म्हणतात. पण तिला कुणी तसं विचारलं की ती हसायची. "लागतो की! भाजतं म्हनून तर कळतं."

आता ऐका हुसेनची गोष्ट.

हुसेन खाडीपट्टीतला. जवान, अंगानं दणकट आणि स्टिअरिंगवर बसला की कुणाचं न ऐकणारा. त्या वर्षी वैशाखात घाटमाथ्यावरच्या सोनवळ गावात पटकीची साथ आली. माणसांच्या अंगातलं पाणी जात होतं आणि माणसं पाचोळ्यासारखी वाळत होती. शाळेच्या पडवीत चाळीस माणसं निजवली होती. तीन गेली होती. खाली बंदरावरून सलाईनच्या बाटल्या आणि औषधांच्या पेट्या वर न्यायच्या होत्या आणि त्या दिवशी बंदरावर ट्रक होता तो एकट्या हुसेनचा. त्यानं ट्रकमधला मासळीचा बर्फ जिथल्या तिथं ओतून दिला आणि पेट्या चढवल्या. शेजारी शेवंताबाई नावाची नर्स बसली. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. एक पेटी तिनं मांडीवरच घेतली होती.

"दिवस मावळायच्या आत पोचलं पाहिजे," ती म्हणाली. "रात्र काही जण काढणार नाहीत."

"चार वाजता सोनवळला चहा पिऊ, सिस्टर," हुसेन म्हणाला.

चौथ्या वळणावर ट्रक उकळला. हुसेननं पाणी घातलं. सातव्यावर पुन्हा उकळला. पुन्हा घातलं. जवळचं पाणी संपलं. दहाव्या वळणावर बॉनेटमधून वाफ अशी उसळली की समोरचा रस्ता दिसेना. कसाबसा तो अकराव्यापर्यंत पोचला आणि तिथं इंजिन गुरगुरून बंद पडलं. ऊन डोक्यावरून कललं होतं. हुसेन उडी मारून उतरला आणि हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, इतक्यात मागून आवाज आला.

"हात लावू नगंस!"

झोपडीच्या दारात एक वाळलेली म्हातारी उभी होती. तिच्या आवाजात असं काही होतं की हुसेनचा हात आपोआप मागं आला.

"मावशी, वेळ नाही मला. वर माणसं मरतायत."

"तोंड भाजून घेतलंस तर ती जगत्यात का? आन् तापल्या इंजनात गार पानी वतलंस तर इंजन तडकंल. मग बाटल्या काय डोक्यावरनं नेतोस? बस. निवू दे."

हुसेन बसला नाही. तो येरझाऱ्या घालत राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते रागासारखं दिसत होतं. शेवंताबाई मात्र खाली उतरली आणि तिनं ठकूबाईला सगळं सांगितलं, किती माणसं, कुठल्या गावची, कशानं आजारी. ठकूबाई ऐकत होती आणि मधूनमधून ट्रकच्या अंगाला हात लावून बघत होती, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

मग इंजिन निवलं. तिनं झाकण हळू उघडायला लावलं, थोडं थोडं करून पाणी घातलं आणि म्हणाली, "चालू कर."

इंजिन चालू झालं. ठकूबाईनं पट्टा दाबून पाहिला. ताठ होता. जाळी साफ होती. कुठं गळती नव्हती. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. इंजिन असं सुरळीत चाललं होतं जणू काही झालंच नव्हतं. वेळ गेला तरी उकळेना.

"बघा," हुसेन म्हणाला. "काही नाही झालेलं. ऊन लागलं असेल. निघतो मी."

"थांब," ती म्हणाली. "उभा ऱ्हायला की बरा, चढाला लागला की आजारी. म्हंजी दुखनं चढाला लागल्यावरच दिसंल. चढताना बघाया पायजे."

"चढताना कोण बघणार? चालत्या ट्रकचं पोट कोण बघतं?"

ठकूबाईनं लुगड्याचा काष्टा कसून खोवला. त्या ट्रकांची बॉनेटं दोन्ही कुशींनी वर उघडायची. तिनं दरीच्या बाजूचं झाकण वर करून बांधायला लावलं आणि ती मडगार्डवर चढून बसली. एका हातानं ट्रकचा पुढचा दिवा घट्ट धरला. सत्तरीची बाई. पायाखाली मडगार्डची कड आणि कडेखाली दरी.

"मावशी, उतरा. पडाल!"

"तू सरळ चालव, म्हंजी न्हाई पडनार," ती म्हणाली.

हुसेननं आयुष्यात एवढ्या जपून ट्रक कधी चालवला नव्हता. पहिला गियर. इंजिन घुमलं, ट्रक दगडांवरून हेलकावत चढू लागला. समोर त्याला रस्ता दिसत होता आणि रस्त्याच्या कडेला तिच्या पांढऱ्या केसांचं उडतं झिपरं. ती इंजिनात वाकून बघत होती, कानाशी पंखा भणभणत होता आणि ती ओठ हलवून काहीतरी पुटपुटत होती. ती इंजिनाशी बोलत होती आणि इंजिन तिला उत्तर देत होतं, असं म्हणतात. हुसेन पुढं सांगायचा की, तसं काही नाही, ती मला शिव्या देत होती, दगड चुकवत नव्हतो म्हणून.

"थांबीव!" ती ओरडली.

हुसेननं ब्रेक दाबला. ती उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"गावलं. खालची नळी बघ, जाळीतनं इंजनात पानी नेती ती."

हुसेननं पाहिलं. रबराची जाड नळी, चांगली गुबगुबीत.

"नळी तर धड आहे."

"आता धड हाय. बाय, तू वर चढून पाय दाब."

शेवंताबाईनं चढून अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. आणि हुसेनच्या डोळ्यांदेखत ती नळी मिटली. तहानलेल्या माणसाचे गाल आत ओढले जावेत तशी चपटी झाली. पाय उचलला की पुन्हा फुगली.

"इंजन जोरात पानी वढतंय आन् नळी आतनं पिलपिली झालीया," ठकूबाई म्हणाली. "वढ लागली की मिटती. मिटली की पानी अडतं. तू वरनं कितीबी वत, आत जातंय कुठं?"

नळी सोडवली तेव्हा तिच्यातून गंजाचे तुकडे पडले. आत तारेचं वेटोळं असायचं, नळी ताठ ठेवायला. ते गंजून झडून गेलं होतं. आता तसं वेटोळं मिळायचं म्हणजे बंदरापर्यंत जाऊन यायचं. हुसेननं कलत्या उन्हाकडे पाहिलं.

ट्रक अजून फार वर आला नव्हता. ठकूबाई खाली झोपडीत गेली आणि मागोमाग हुसेनला जॅकचा दांडा घेऊन यायला सांगितलं. दोन बादल्या होत्या तिच्या, सगळा संसार तेवढाच. तिनं दोन्हींच्या लोखंडी कड्या काढल्या, चुलीत घातल्या आणि फुंकर मारून लाल केल्या. मग हुसेननं जॅकच्या दांड्यावर त्या गुंडाळल्या, एकीमागे एक, आणि झऱ्यात बुडवल्या. चर्रर्र आवाज झाला. ते आठ वेढ्यांचं वेटोळं नळीत असं बसलं, जणू त्याच मापाचं केलं होतं. नळी जागेवर चढवली, तारेनं आवळली, पाणी भरलं.

"आता दाब पाय."

इंजिन गरजलं. नळी मिटली नाही. हुसेन बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की शेवंताबाईला हसू फुटलं. दुपारपासून ती पहिल्यांदा हसली होती.

"माथ्यापतुर येते," ठकूबाई म्हणाली. "मधी कुठं थांबला तर?"

पण ट्रक कुठं थांबला नाही. बारावं, तेरावं, चौदावं, एकेक वळण मागं पडत गेलं. सतराव्या वळणावर माथ्याचा गार वारा अंगावर आला तेव्हा ठकूबाईनं जाळीला तळवा लावला, म्हणाली, "बरा हाय," आणि उतरून चालू लागली. हुसेन काही बोलणार होता, पण ती तेवढ्यात वळणाआड गेली होती.

सोनवळला ते पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकत होता. शाळेच्या पडवीत बाटल्या टांगल्या गेल्या. शेवंताबाई एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. पहाटे एका बाईनं डोळे उघडून ताक मागितलं, आणि ते ऐकून पडवीतल्या सगळ्या बायका रडायलाच लागल्या. हुसेन पायरीवर भिंतीला टेकून झोपून गेला होता. त्या दिवसानंतर सोनवळमधून पटकीनं एकही माणूस नेला नाही, असं म्हणतात.

ठकूबाई पुढं पुष्कळ वर्षं होती. ती कशी गेली, याबद्दल दोन गावं दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, झऱ्यावर पाणी भरता भरता बसली ती बसलीच. कुणी म्हणतं, ती गेलीच नाही, वाफेत मिसळली, म्हणून गाडी उकळली की चालकाला आधी शांत बसायची बुद्धी होते.

आता घाट रुंद झाला, डांबर आलं, गाड्या बदलल्या. पण त्या जागेला अजून ठकूबाईचं वळण म्हणतात. दर वर्षी वैशाखात सोनवळची माणसं फावडी, घमेली घेऊन खाली उतरतात, झऱ्यातला गाळ काढतात आणि कड्याच्या सावलीत चूल मांडून पिठलं-भाकरी करतात. त्या दिवशी त्या वळणावर ज्याची गाडी तापेल, मग तो कुठलाही असो, त्या माणसाला पहिल्या पंगतीला बसवायचं, असा रिवाज आहे. हल्ली गाड्या सहसा तापत नाहीत. तरी दर वर्षी पाच-सहा ट्रकवाले बॉनेट वर करून, चेहरा काळजीचा करून तिथं उभे असतात. त्यांच्या इंजिनाला काय झालंय, हे सोनवळचं कुणी कधी विचारत नाही. पानं वाढतात आणि म्हणतात, "या, बसा."