मनातली चौथी थाप

गडावरची गुपितं पायथ्याच्या बाजारात पोचायला लागली, तसे किल्लेदार खवळले. कातड्याच्या पखालीतून घरोघर पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या भिवाला त्यांनी बोलावलं. "तू दारोदार फिरतोस. गोष्ट कुणाकडून फुटते ते शोध, नाहीतर तुझाच कडेलोट!"

भिवानं विचार केला. भलतंच नाव घेतलं तर निरपराध माणूस मरायचा. तो हळूच म्हणाला, "सरकार, तिघा कारभाऱ्यांना एकेकटं गाठून तीन वेगळ्या थापा सांगा. चौथी मनातच ठेवा, कुणाला सांगू नका."

चार दिवसांनी सदर भरली. तिघेही कारभारी भीतीनं पांढरेफटक पडले होते.

"बाजारात काय पोचलं?" किल्लेदार भिवावर गरजले.

"एकच बातमी, सरकार. आपण थोरली तोफ विकणार म्हणे."

किल्लेदारांचा चेहरा उतरला. "ती तर मी कुणालाच सांगितली नव्हती!"

"जागेपणी नाही सांगितली. पण दुपारी आपण झोपेत मोठ्यानं बरळता, ते साऱ्या वाड्याला ऐकू जातं." भिवानं हात जोडले. "पखालीचंच तोंड सुटलं असलं, तर घागरी फोडून काय होणार, सरकार?"

अखेर किल्लेदारांनीच मान खाली घातली आणि तिघांना घरी जायला सांगितलं.