एकच बंदूक ठेवायची तर

"पण वस्ताद, एकच ठेवायची म्हटली तर कोणती?"

नेर्लेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा वस्ताद बिडी ओढत होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तीच बिडी चालू होती. आता ती विझली होती आणि वस्ताद विझलेलीच ओढत होते.

भालचंद्र नेर्लेकर पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यात त्यांनी मनापासून दोनच कामं केली. कालव्यांच्या दुरुस्तीचे अहवाल लिहिले आणि छर्ऱ्याच्या बंदुका जमवल्या. कालवे अजून गळतात. बंदुका मात्र अव्वल होत्या.

अशा नऊ बंदुका. आज नऊही जीपमधून इथे आल्या होत्या आणि सतरंजीवर ओळीने आडव्या ठेवल्या होत्या. मोठ्या अपघातानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवतात, तशा.

जागा तंबाखूच्या वखारीची होती. तंबाखूचा धंदा बसला तेव्हा इमाम शिकलगारांनी वखार भाड्याने घेतली, दहा मीटरवर निशाण्या टांगल्या आणि नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. जिल्ह्यात स्वतःला नेमबाज म्हणवणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे उभा राहून गेला होता. सगळे त्यांना वस्तादच म्हणत. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. वस्तादपण राहिलं.

ते राहिलं कानावर. निशाणीच्या कागदामागे साधा पत्रा होता, आणि मधल्या काळ्या ठिपक्यामागे पितळेचा वाटोळा तुकडा. छर्रा मधोमध बसला की पितळ बोलायचं. चुकला की पत्रा. वस्ताद निशाणीकडे पाठ करून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, श्वास कुठे तुटला, खांदा कधी उचलला. पाहणाऱ्यांनाही इतकं दिसत नसे.

नेर्लेकर त्यांचे जुने शिष्य. राज्यस्पर्धेत एकदा त्यांना रौप्यपदक मिळालं होतं, आणि सुवर्णपदक ज्याला मिळालं त्याच्या बंदुकीतल्या दोषांवर ते अजूनही अर्धा तास बोलू शकत.

आज ते पाऊण तास बोलले. कोणत्या बंदुकीचं लाकूड कुठल्या झाडाचं, कुठलीची स्प्रिंग किती मऊ, कुठलीचा चाप लोण्यासारखा. प्रत्येकीला त्यांनी दहापैकी गुण दिले होते आणि तक्ता करून आणला होता. आंधळ्या माणसाला दाखवायला.

सगळं ऐकून घेतल्यावर वस्तादांनी विचारलं, की यातली एखादी चहा करते का.

नेर्लेकर हसले. हसणं जरा लांबलं.

मग त्यांनी कारण सांगितलं. चांगल्या वस्तूंचा मोह सोडायचं वय झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आठ बंदुका ते नेमबाजी मंडळाला देणार होते. त्यांच्यासाठी काचेचं कपाट येणार होतं आणि कपाटावर नेर्लेकरांच्या नावाची पाटी. इतका मोह सोडल्यावर पाटीपुरता ठेवायला हरकत नव्हती. नववी बंदूक मात्र घरी राहील, आणि ती कोणती, हे वस्तादांनी सांगायचं. गुरूने सांगितलं की शंका उरत नाही.

वस्तादांनी विझलेली बिडी खाली टाकली.

"मार."

"काय?"

"नेम मार. एकेकीतून एक."

नेर्लेकरांनी चष्म्याचा नंबर बदलल्याचं सांगितलं. उजेड तिरपा आहे म्हणाले. जीपचा प्रवास, पाठ, सकाळपासून पोटात काही नाही... वस्तादांनी फक्त खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले.

नेर्लेकरांनी पहिली बंदूक उचलली. डबीतून छर्रा काढला, नळी बिजागरीपाशी खाली मोडून स्प्रिंग चढवली, छर्रा बसवला, नेम धरला.

पत्रा वाजला.

हिची नळीच्या टोकावरची नेमाची माशी प्रवासात हलली असावी, असं नेर्लेकर म्हणाले.

दुसरी. पत्रा.

ही दमट हवेत जरा खाली मारते.

तिसरीचा दस्ता आखूड निघाला. चौथी दहापैकी नऊ गुणांची होती. तिच्याबद्दल काय बोलावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी छर्ऱ्यांना दोष दिला. पाचवीनंतर खुलासे आखूड होत गेले. आठवीनंतर ते बंदच झाले.

आठ वेळा पत्रा.

वखारीत तंबाखूचा जुना वास होता. त्या वासात आता थोडं तेल मिसळलं होतं.

"भालबा," वस्ताद म्हणाले, "डबी का वाजते?"

"कुठली डबी?"

"छर्ऱ्यांची. तुझ्या हातातली."

नेर्लेकरांनी डबी खाली ठेवली.

"छर्रे संपत आलेत, वस्ताद. मोकळे झाले की हलतात."

"आल्यापासनं वाजतीय. तेव्हा भरलेली होती."

...

नेर्लेकर सतरंजीच्या कडेला बसले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. दिवाळीपासून त्यांना ती सवयच लागली होती. लोकांना वाटे, साहेब ऐटीत बसतात. चहा ते अर्धाच कप मागत, कारण पूर्ण भरलेला कप तोंडापर्यंत पोचत नसे. बायकोची समजूत अशी, की त्यांना चहा आवडेनासा झालाय. तिने दोनदा दूधवाला बदलला.

मिरजेच्या डॉक्टरने त्यांना बोटांनी हवेत एक रेघ काढायला सांगितली होती. कालव्याच्या नकाशावर हातभर सरळ रेघ मारणारा हा माणूस. डॉक्टर त्या हवेतल्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला, मग त्याने दुखण्याचं नाव सांगितलं. औषध आहे, म्हणाला. बरं होणारं नाही.

हे सगळं नेर्लेकरांनी वस्तादांना सांगितलं. गेल्या दहा महिन्यांत आणखी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"वाढणार?" वस्तादांनी विचारलं.

"वाढणार."

वस्ताद हळहळले नाहीत. धीरही दिला नाही. नेर्लेकरांनी येताना दोन्हींसाठी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

"म्हणून एक तरी ठेवायचीय," ते म्हणाले. "भिंतीवर का होईना. उद्या चमचा धरता येणार नाही, वस्ताद. मी कोण होतो, ते मला तरी समोर दिसलं पाहिजे."

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली आणि पुन्हा घेऊन गेलं.

"राहिलीय का एखादी?"

"नववी आहे."

"चढव."

नववी ही मोजण्यातलीच नव्हती. कुणी पाहुणे आले आणि हौसेने बंदूक मागू लागले, तर द्यायला म्हणून नेर्लेकरांनी ती घेतली होती. दस्त्याचं पॉलिश गेलेलं, चाप जड. तक्त्यात ती तळाशी होती. खरं म्हणजे तिला आणलं होतं ते संख्या पुरी व्हावी म्हणून.

त्यांनी स्प्रिंग चढवली. छर्रा बसवायला तीन वेळा बोट लावावं लागलं.

वस्ताद उठले. भिंतीला हात लावत गेले, एक बुटकं स्टूल शोधून आणलं आणि नेर्लेकरांच्या पुढ्यात ठेवलं. मग त्यावर निशाणीकडे तोंड करून बसले. डोळे गेल्यापासून ते असे बसलेले नेर्लेकरांनी पाहिले नव्हते.

"टेक."

"कशावर?"

वस्तादांनी आपल्या उजव्या खांद्यावर दोनदा हात मारला.

नेर्लेकर त्यांच्यामागे गुडघ्यावर बसले. नळी खांद्यावर टेकवली. खांदा म्हाताऱ्याचा, पण भिंतीसारखा स्थिर. दस्ता गालाला लावून त्यांनी डोळा मिटला...

माशी काळ्या ठिपक्यात जाऊन बसली.

दहा महिन्यांत पहिल्यांदा ती तिथे थांबली. सरकली नाही, तरळली नाही. नेर्लेकरांना कळलं, की आता चाप ओढला तर पितळ बोलेल. त्यात शंका नव्हती. आणि ते बोललं की लोकांना काय सांगायचं, तेही लगोलग तयार झालं. आजारी हात, आंधळा गुरू, नववी बंदूक आणि अखेरचा छर्रा. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं.

मग त्यांना कान दिसला.

नळीपासून चार बोटांवर. सुरकुतलेला, पांढरे केस उगवलेला, थोडा पुढे झुकलेला. ही सारी वखार त्या कानावर उभी होती. चापावरचं बोट थरथरत होतं. नळी टेकलेली होती, पण दस्ता त्यांच्याच हातात होता. ऐन वेळी झटका आला तर नळीचं तोंड कुठे फिरेल, हे तक्त्यात नव्हतं.

"वस्ताद, तुमचा कान..."

"कान माझा. तू नेम बघ."

...

"आता हलत नाही न्हवं?" वस्तादांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

नेर्लेकर तसेच राहिले. श्वास अर्ध्यावर सोडून, वस्तादांनीच शिकवल्याप्रमाणे. ठिपका स्वच्छ दिसत होता. असा तो पुन्हा कधी दिसणार नव्हता, हेही तितकंच स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी बंदूक खांद्यावरून उचलली.

या वखारीत एक नियम होता. बार कागदावरच उडायचा. भिंतीत नाही, जमिनीत नाही, हवेत नाही. चढवलेली बंदूक मारायची नसेल तर हाताने उतरवायची. नळी पुन्हा मोडायची, छर्रा मागे ढकलून काढायचा, मग एका हाताने नळी घट्ट धरून दुसऱ्याने चाप ओढायचा आणि चढलेली स्प्रिंग अंगच्या जोराने रोखत हळूहळू सोडायची. हात निसटला तर नळी फटकन वर येते आणि मधे जे सापडेल ते धरते. भिंतीवर बार उडवला म्हणून वस्तादांनी दोघांना कायमचं घालवलं होतं. त्यांतला एक पोलीस होता.

नेर्लेकर बाजूला जाऊन बसले. नळी मोडली. नळी साफ करायच्या गजाने छर्रा काढला. तो घरंगळत सतरंजीखाली गेला. मग डाव्या हाताने त्यांनी नळी आवळली आणि उजव्याने चाप ओढला.

अर्ध्यापर्यंत स्प्रिंग शहाण्यासारखी आली.

मग उजव्या हाताची थरथर डाव्यात उतरली.

फट्ट.

नेर्लेकर ओरडले नाहीत. दात आवळून त्यांनी गुडघ्याने नळी पुन्हा खाली रेटली, अंगठा सोडवला, आणि तो दुसऱ्या मुठीत धरून बसून राहिले. अंगठा ठणकत होता. उजवी मूठ त्याच्याभोवती थरथरत होती.

वस्ताद स्टुलावरच होते. वळले नव्हते.

"बोट चेंगरलं?"

"हं."

"किती?"

"नख जाईल."

...

वस्तादांनी मागे हात केला. नेर्लेकरांनी त्यात बंदूक दिली. म्हाताऱ्याने दस्त्यावरून बोटं फिरवली, चापावरून, मग नळी जिथे मोडते तिथे. तिथे ओल लागली. ती त्यांनी लुंगीला पुसली.

"कोणती ही?"

नेर्लेकरांना सांगायची लाज वाटली. पाहुण्यांना द्यायची, ते म्हणाले. तक्त्यात शेवटची. हिला दहापैकी दोन गुण दिलेत, तेही दुकानदार ओळखीचा होता म्हणून.

वस्तादांनी बंदूक परत त्यांच्या मांडीवर ठेवली. खिशातून नवी बिडी काढली आणि उलटसुलट करून तिचं तोंड शोधलं.

"ही ठेव. बाकीच्या चांगल्या आहेत, त्या देऊन टाक."