भिवा करकोच्याचा एक दिवस

बेडूक करकोच्यांच्या पाठीवर बसून तळी बदलत, तेव्हाची गोष्ट. फेऱ्या गरुड ठरवी.

"मजुरीचे मासे वाढवू नका, पण आठवड्यातून एक दिवस पिल्लांजवळ राहू द्या," भिवा करकोचा सर्वांतर्फे म्हणाला. गरुड ऐकेना. मग जंगलाने कासवाला मध्यस्थ नेमलं. बोलणी संपेपर्यंत फेऱ्या थांबवायला मनाई होती.

कासव प्रामाणिकपणे इकडचा निरोप तिकडे चालत नेई. भिवा रोज आपल्या घरट्यावरून उडे, तेव्हा खालून तीन चोची वर होत.

अखेर गरुडाने मान्य केलं. भिवा थेट घरट्याकडे झेपावला. पिल्लं मोठी होऊन केव्हाच उडून गेली होती; तिथे फक्त पिसं उरली होती.

मागून आलेल्या कासवाने विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"झालं. आता शेजारणीला कळवायचंय. पण तुम्ही बसा, मीच जातो. तिची पिल्लं अजून घरट्यात आहेत."