दोन डोळ्यांची कांडी

उसाला अजून कारखाना ठाऊक नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका उसाच्या पेरांवर थोरला आणि धाकटा असे दोन डोळे होते. डोळ्यातूनच नवा ऊस फुटतो. धाकटा सारखा विचारी, "दादा, फुटू का?"

"शेंडा झोपा म्हणतोय ना? मग झोप. आगाऊ कुठला!" थोरला म्हणे.

एक दिवस शेतकऱ्याने कोयत्याने शेंडा उडवला. दोघा भावांची कांडी तोडून लागणीसाठी चिखलात पायाने दाबली, तेव्हा त्याची टाच नेमकी थोरल्यावर पडली. तो जागीच चेचला गेला.

धाकटा रडत म्हणाला, "आता मला फुटायचंच नाही."

"तुला विचारतंय कोण?" कांडी म्हणाली. "झोप म्हणणारा शेंडा गेला. इथे ओल आहे, ऊब आहे. दादाच्या वाट्याचा रसही आता तुझ्याकडेच येणार. बघू, किती दिवस गप्प बसतोस!"

धाकट्याने अंग आवळून धरले, पण रस आलाच. चिखल फोडून तो वर आला आणि पुरुषभर वाढला.

मग त्याच्याही पेरांवर डोळे धरले. सगळ्यात खालचा म्हणाला, "फुटू का?"

"मी वर आहे तोवर झोप. आगाऊ कुठला!" धाकटा म्हणाला, आणि आपल्याच तोंडून त्याला दादाचा आवाज ऐकू आला.