रांजणाचा तळ

घाटातून गाडीवाट नव्हती आणि माणसं पायीच डोंगर ओलांडत होती, तेव्हाची, फार जुन्या काळची ही गोष्ट. एका घाटाच्या तोंडाशी धर्मशाळा होती. त्या धर्मशाळेत माणसाच्या छातीइतका उंच एक रांजण होता, आणि त्यात पाणी नव्हे, पीठ असायचं.

त्याचं कारण साधं होतं. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गावाकडची वाट बंद व्हायची आणि दरड कोसळली की घाटाकडची. मध्ये सापडलेला वाटसरू थकूनभागून यायचा. त्याच्या हाती जात्याचा खुंटा देऊन 'आधी दळ, मग खा' म्हणणं गावाला बरं वाटेना. म्हणून मिरग लागायच्या आधी प्रत्येक घर पायलीभर ज्वारी-बाजरी दळून रांजणात ओतून जायचं.

रांजण सांभाळायचं काम भिवराबाईकडे होतं. ती धर्मशाळेतच राहायची. हाताची स्वच्छ, बोलायला गोड, आणि वाटसरूला अर्धपोटी उठू देणं तिला माहीतच नव्हतं. तिला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, आणि तो ती भेटेल त्याला ऐकवायची.

"माझ्या हाती आल्यापासून या रांजणाचा तळ कुणी पाहिला नाही."

आता तुम्ही म्हणाल, यात वाईट ते काय? त्या गावात पीठ 'संपलं' हा शब्दच कुणी उच्चारत नसे. मडकं खरवडायची वेळ आली तरी बायका 'पीठ वाढलं' म्हणायच्या, बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणतात तसं. रिकामं भांडं म्हणजे घरातून लक्ष्मी गेली, अशी समजूत. भिवराबाईनं ती जरा जास्तच मनावर घेतली होती, इतकंच. जुनं पीठ शिल्लक असतानाच ती नवं पीठ वरून ओतून घ्यायची. वाटसरूला वाढायची तेही वरचं, म्हणजे ताजं. भाकरी गोड लागायची आणि लोक तिचं नाव काढायचे. तळाशी काय चाललंय, याची चौकशी करायला तिथवर जातो कोण?

एका उन्हाळ्याच्या अखेरीस तिची थोरली जाऊ पीठ घेऊन आली. तिनं रांजणाचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं.

"भिवरे, खवट वास येतोय."

"कडुलिंबाचा पाला टाकलाय, त्याचा असेल."

"पाल्याचा वास मला कळतो. खालपर्यंत हात घालून बघितलायस का कधी?"

"एवढ्या खोल कुणाचा हात पोचतोय, जाऊबाई?"

"मग पालथा घाल. बिघडलं असेल तेवढं टाकून दे. रांजण धू, चांगला उन्हात वाळव, आतून कोरडा झाला की मग भर. बाजरीचं पीठ आहे बाई, थोड्या दिवसांत कडू होतं. वर्षानुवर्षं राहतंय का कुठं?"

भिवराबाईला ते पटलं. खरं सांगायचं तर तिलाही तो वास बरेच दिवस येत होता. पण रांजण दारात पालथा दिसला तर गाव काय म्हणेल, हा विचार तिला सोडेना. 'भिवराच्या हातचं पीठ संपलं' असं कुणी म्हटलेलं तिला सोसलं नसतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून तिनं जावेचं पीठही वरून ओतून घेतलं.

त्या वर्षी पाऊस आला तो ठाण मांडूनच बसला. ओढा काठ सोडून वाहू लागला आणि वर घाटात दरड आली. धर्मशाळेत एक कासार, त्याची बायको, त्यांच्या दोन लहान मुली आणि एक शेतकरी असे अडकून पडले. शेतकऱ्यानं घाटापलीकडे माळ फोडून नवं रान तयार केलं होतं. त्याच्या पेरणीसाठी नाचणीचं बियाणं घेऊन तो निघाला होता. पावसात भिजू नये म्हणून ते पोतं तो घोंगडीत गुंडाळून उशाला घ्यायचा.

"पोटभर खा," भिवराबाई सगळ्यांना सांगायची. "रांजण भरलेला आहे."

दिवस जात राहिले. पीठ आजवर कधी उतरलं नव्हतं इतकं खाली उतरलं, आणि मग हाताला गोळे लागायला लागले. गोळ्यांना जाळी होती. भिवराबाईनं पीठ चाळलं, अळ्या वेचल्या, पुन्हा चाळलं आणि भाकरी थापली. धाकट्या मुलीनं पहिलाच घास थुंकून टाकला.

"आई, कडू आहे."

आईनं समजूत घालायला म्हणून स्वतः एक तुकडा खाल्ला आणि तिला उलट्या सुरू झाल्या.

भिवराबाईनं दिवा धरून आत पाहिलं. खालचं सगळं पीठ करडं पडलं होतं आणि हलत होतं. तिला शिसारी आली आणि त्याहून जास्त लाज वाटली. बाहेर येऊन तिनं आजवर तोंडातून न काढलेला शब्द काढला.

"पीठ संपलं."

कासार आत डोकावून आला. "मावशी, रांजण तर अर्धा भरलेला दिसतोय."

"भरलेलाच आहे," ती म्हणाली. "खाण्याजोगं संपलं."

त्या दिवशी सगळ्यांनी टाकळ्याची भाजी नुसती उकडून खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मुली रडून रडून दमल्या आणि मग गप्प पडून राहिल्या. ते शेतकऱ्याला बघवेना. त्यानं पोत्याची गाठ सोडली.

"जातं कुठं आहे, मावशी?"

"दादा, ते बियाणं आहे."

"मला ठाऊक आहे. दळा."

भिवराबाई जात्याला बसली. शेतकरी ओसरीवर पाठ करून उभा राहिला होता. नाचणीची एकेक मूठ जात्याच्या तोंडात घालताना तिला रडू आवरेना. ओढ्याचं पाणी उतरलं आणि दरडीतून वाट मोकळी झाली तोवर पोतं रिकामं झालं होतं. शेतकऱ्यानं ते झटकलं, घडी करून काखेत मारलं आणि तो घाट चढून गेला.

भिवराबाई गावात गेली आणि झालेलं सगळं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. चौघांच्या मदतीनं रांजण दारात आणून तिनं भर रस्त्यावर पालथा घातला. गावानं तेव्हापासून पिठाऐवजी धान्य द्यायचं ठरवलं. ती लागेल तसं थोडं थोडं दळायची, आणि आधीचं सरल्याशिवाय नवं भरायची नाही.

सुगी आली तेव्हा घरोघरून नाचणी मागून भिवराबाई एक दिवस घाटापलीकडे गेली. रान नांगरलेलं होतं. दगड वेचून बांधाला रचलेले होते. सबंध रानात गुडघाभर गवत माजलं होतं.

शेतकऱ्यानं तिला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि नाचणीही ठेवून घेतली. रागाचा शब्द त्यानं काढला नाही.

"पुढच्या साली पेरीन, मावशी," तो म्हणाला. "यंदाची पेरणी गेली." त्याची बायको दुसऱ्याच्या खळ्यावर मजुरीला गेली होती.

तात्पर्य : साठा नुसता भरून भागत नाही, तो वेळच्या वेळी उपसून, तळापर्यंत पाहून नव्यानं भरावा लागतो.