धायटीच्या फांद्या

फार मागे, डोंगरातल्या एका देवळाच्या बागेत सटवाजी माळ्याने रानातली धायटी आणून मधोमध लावली. तिच्या फांद्या लवून जमिनीला टेकत. तांबड्या फुलांच्या त्या पडद्याआड एका लावीने घरटं केलं.

शेजारचा उंच सुरू एकदा म्हणाला, "बागेच्या मध्यावर उभी राहतेस आणि मान खाली घालतेस?"

धायटी शरमली. "मला सरळ करा," तिने सटवाजीला विनवलं. त्याने बांबू रोवले आणि तिच्या फांद्या सुतळीने वर बांधल्या.

दुसऱ्याच दिवशी आभाळात शिक्रा घिरट्या घालू लागला. लावी कळवळून ओरडली, "धायटीबाई, माझी पिल्लं उघड्यावर पडली गं!"

धायटीने खाली पाहिलं आणि अंगातला सगळा जोर लावला. सुतळ्या तुटल्या, एक जाड फांदी कडकन मोडली, बाकीच्या फांद्या पिल्लांवर ओणवल्या. शिक्रा तसाच परतला.

सटवाजी धावत आला. मोडलेल्या फांदीच्या जखमेवर त्याने ओली माती लिंपली आणि विचारलं, "पुन्हा बांधू का गं तुला?"

"नको, बाबा," धायटी म्हणाली. "आणि जरा हळू बोला. पिल्लांचा आत्ताच डोळा लागलाय."