ठकाईनं लढाई नावेत घेतली नाही

फार फार मागची गोष्ट. मोरणी नदीवर, उंबरतरच्या घाटावर, ठकाई भोईण नाव चालवायची. नवरा गेला तेव्हापासून वल्हं तिच्या हाती. पूर कितीही असो, तिची नाव कधी उलटली नाही, असं म्हणतात. तिची एकुलती लेक पल्याडच्या गावात दिलेली होती.

नदीच्या अल्याड एका सरदाराचं राज्य, पल्याड दुसऱ्याचं. एकदा शिकारीत दोघांचे भाले एकाच रानडुकराला लागले. आधी कुणाचा लागला, यावरून शब्दाला शब्द वाढला. डुक्कर रानात पळून गेलं, भांडण मात्र राहिलं. आठवड्याभरात दोन्हीकडे दवंडी फिरली : घरटी एक माणूस लढाईला!

नदी दुथडी भरलेली. अल्याडच्या काठावर हजार माणसं भाले घेऊन उभी राहिली.

"भोईणी, फौज पलीकडे घाल," सरदार घोड्यावरून म्हणाले.

"घालते, सरकार. पण बसणाऱ्यानं आधी सांगावं, पलीकडं त्याचं वैर कुणाशी. त्या माणसाचं नाव घ्यावं आन् बसावं."

सगळ्यांत पुढे तिचाच भाऊ गोंदा होता. त्यानं पल्याडच्या काठाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आक्का, पलीकडच्या फौजेत आपला जावई हाय. मी कुणाचं नाव घेऊ?"

त्यानं भाला वाळूत ठेवला आणि खाली बसला. त्याच्यामागचा बसला, त्याच्याही मागचा. बघता बघता सगळी फौज बसली.

सरदार लालबुंद झाले. त्यांनी आपले अंगरक्षक वल्ह्यावर बसवले. नाव मधल्या धारेत गेली, गरगर फिरली आणि अल्याडलाच लागली. सात वेळा लोटली, सात वेळा परत आली, असं म्हणतात.

"वैर तुमचं हाय, सरकार," ठकाई म्हणाली. "तुम्ही बसा. एकट्याला नेते."

हजार माणसं बघत होती. सरदार घोड्यावरून उतरले आणि नावेत बसले. पल्याडला पोचले, तर तिथलीही फौज हे सगळं बघून वाळूत बसलेली! दोघे सरदार उन्हात समोरासमोर बसले. काय बोलले, ते कुणालाच ठाऊक नाही. दिवस कलताना ठकाईनं सरदारांना परत आणलं आणि माणसं पेरणीला घरी गेली.

ठकाई मेलेली कुणी पाहिली नाही. ती धारेला मिळाली, असं म्हणतात. उंबरतरच्या चावडीवर आजही वरून हुकूम आला, की पाटील तो वाचतो आणि गप्प बसतो. पहिला सवाल बाईनं विचारायचा. तिला उत्तर पटेपर्यंत एकही पुरुष जागचा उठत नाही. त्याला 'ठकाईचा सवाल' म्हणतात. तो विचारल्याशिवाय उंबरतरचा एकही माणूस आजवर कुठल्या लढाईला गेलेला नाही.